घरात कोण आहे?

फेब्रुवारी, ब्राइडच्या सणाचा तिसरा दिवस

लाखलन,

कागद बघून हसू नकोस. आजोबांच्या औषधांच्या वहीतलं पान फाडलंय. मागच्या बाजूला उचकीवरचा उपाय आहे, तो तुला लागायचा नाही. लहानपणी उचकी तोरकिललाच लागायची, तुला नाही. बेटावर दुसरा कागद आहे तो पाद्र्याकडे, आणि त्याच्याकडे मागायचा म्हणजे कशाला हवा, कुणाला लिहायचंय, हे सगळं पुराण सांगत बसायचं. त्यापेक्षा वही फाडलेली बरी. माझ्यामागे ती वाचणारं आहे तरी कोण?

तुला जाऊन दोन वर्षं आणि तीन महिने झाले. मुर्दो कातडी विकायला आयर्लंडला जातो, त्याच्याकडून कळलं की तू अल्स्टरमध्ये कुणा सरदाराच्या पदरी तलवार चालवतोस, गालांची हाडं वर आलीत आणि दाढी राखलीयस. दाढी तुला शोभत नाही. तुझ्या बापालाही शोभत नव्हती, पण तो समुद्रात गेला तेव्हा मी त्याच दाढीसाठी रडले. तेव्हा राहू दे, राख.

हे पत्र तोरकिलच्या सांगण्यावरून लिहितेय. तो आत्ता चुलीपाशी बसलाय आणि माझं लोणी संपवतोय. बेटाचा नायक झाला तरी खाण्याची रीत बदललेली नाही, आधी बोटानं लोणी आणि मग भाकरी. मी तुम्हा दोघांना एकाच बाकावर बसवून अक्षरं शिकवली. तू शिकलास, त्यानं बाक कुरतडला. त्यामुळं मी काय लिहिते ते त्याला वाचता येणार नाही, तरी तो मधूनमधून पानाकडे बघतो.

तो म्हणतो, लाखलनला लिही, घरी ये. झालं ते झालं. सोर्लीकाकाच्या खुनाचा सूड घ्यायचा हक्क पुतण्या म्हणून माझा, आणि मी तो सोडला. काकू फिनोला तर केव्हाच माहेरी निघून गेली, मागे तक्रार करणारं कुणी नाही. मिहेलच्या सणाला सगळं बेट नायकाच्या दगडापाशी जमेल तेव्हा मी चारचौघांत दूधभावाचा हात धरीन, मग कोण बोलायला येतो बघू. एवढं बोलून त्यानं माझ्या छातीवर हात ठेवला आणि दुधाची शपथ घेतली. जिनं अंगावर पाजलं तिच्या छातीवर हात ठेवून घेतलेली शपथ आपल्याकडे कुणी मोडलेली नाही, हे तुला मी सांगायला नको.

तर ये. तो मला आई म्हणतो, आणि पोटचा तू, तू मला 'म्हातारे' म्हणायचास. घरात दोन वर्षं कुणी म्हातारे म्हणालेलं नाही. बोटीच्या काठावर बसून जोडे काढायचे आणि मगच पाण्यात पाय घालायचा, ही तुझी सवय अजून आहे का? सगळी मुलं जोड्यांसकट उड्या मारायची आणि तू आपला वाद्या सोडत बसलेला. मी किनाऱ्यावरून ओरडायची की तेवढ्यात भरती येईल.

मुर्दोला तोंडी निरोप सांगू नकोस, तो तीनदा बदलून सांगतो. लिहून पाठव.

तुझी आई,
मार्सली


मे, गुरं डोंगरावर नेली त्या दिवशी

लाखलन,

तुझं पत्र मिळालं. एका ओळीला पत्र म्हणायचं असेल तर. 'त्या दिवशी त्यांना माझं नाव कुणी सांगितलं?' ना आई, ना खाली सही. मी ते चुलीत घालणार होते. तसंच हातात धरून बसून राहिले, गाई ओरडायला लागल्या तेव्हा उठले.

आज सगळे गुरं घेऊन वर गेलेत. घरी मी एकटीच आहे, तोरकिलही नाही. तेव्हा लिहिते. हे पान भाजण्यावरच्या लेपाचं आहे, जपून ठेव. चांगलं औषध आहे, मी कितीदा वापरलंय.

मार्टिनच्या सणाचा आदला दिवस होता. हिवाळ्यासाठी गुरं कापायचा दिवस. सगळे पुरुष किनाऱ्यावर, कोपरापर्यंत रक्तानं माखलेले. सोर्लीला तीन दिवस ताप होता. तो बेटाचा नायक, पण आजारी पडला की माझ्याच घरी येऊन निजायचा, कारण औषध माझ्याकडे आणि त्याच्या घरात कलकल फार. तुला त्यानं स्वतः दाराशी बसवलं होतं. म्हणाला, मार्सलीचा लाखलन दाराशी असला की मला झोप लागते. दुपारी मी गोठ्यात होते. तोरकिल आला, त्यानं तुला बोट वर ओढायला किनाऱ्यावर पाठवलं, मी इथं बसतो म्हणाला. तुझा सुरा चौकटीवर खोचलेला होता तो तसाच राहिला.

हे तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आता सांगते.

मी चरवी घेऊन आले तेव्हा तोरकिल दारात उभा होता, हात लाल. त्या दिवशी कुणाचे नव्हते? म्हणाला, आई, दूध दे. मी चरवी पुढं केली. तो उभ्याउभ्या प्यायला, चरवीच्या काठाला बोटं उमटली. मग तो किनाऱ्याकडे गेला, पळत नाही, चालत. मी आत गेले. सोर्लीच्या गळ्यात तुझा सुरा होता.

किती वेळ गेला कळलं नाही. मग दाराबाहेर माणसं आली. आपली रीत तुला माहीत आहे. मढं असो की लग्न, परका असो की सख्खा, उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायचं, "घरात कोण आहे?" आतून बाईनं घरातल्या पुरुषाचं नाव सांगायचं आणि मगच बाहेरच्यानं आत यायचं. त्या दिवशीही त्यांनी तसंच विचारलं. आवाज तोरकिलचा होता. मागे सगळी जाणती माणसं उभी होती.

"घरात कोण आहे?"

मी म्हणाले, "लाखलन."

नेहमीच तेच म्हणते मी. तुझा बाप गेल्यापासून रोज तेच म्हणत आलेय, सवयीनं तोंडातून गेलं. गेली दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगतेय, तुलाही हेच लिहिणार होते. पण तू एकच ओळ लिहिलीस, मग मीही खरंच लिहिते. सवयीनं नाही गेलं. मी सुरा पाहिला होता, चरवी पाहिली होती, तोरकिलचा आवाज ऐकला होता. सोर्लीपाशी घरात कोण होतं हेच ते विचारत होते, दोघांतला एकच वाचणार हे मला कळलं आणि मी निवड केली. माझे वडील, आजी, सगळ्यांनी मला हेच शिकवलं की नायकाच्या घरचं मूल अंगावर घेतलं की आपलं मूल त्याच्यामागे. आपलं मूल त्याच्यासाठी मरतं, हा आपला मान. मी तो मान राखला. आता त्या मानाचं काय करू ते सांग.

तू किनाऱ्यावरून वर येत होतास, माणसं तुझ्याकडे धावली, तू माझ्याकडे बघितलंस. मी आत गेले. मग तू बोटीत उडी मारलीस. तेवढ्या एकाच वेळी तू जोडे काढले नाहीस.

मार्सली


ऑगस्ट, पहिल्या कापणीचा दिवस

लाखलन,

मुर्दो म्हणतो, पत्र तू उभ्यानं वाचलंस, घडी घातलीस आणि खिशात ठेवलंस. मग दोन दिवसांनी बोटीपाशी येऊन म्हणालास की येतो, मिहेलच्या सणाला, पण एका अटीवर. दगडापाशी सगळं बेट जमेल तेव्हा तिथं बोलायचं ते तोरकिलनं नाही, म्हातारीनं. सोर्लीला कुणी मारलं ते मी सांगायचं.

सांगीन. मुर्दोला हेच सांगितलंय. आता हे तीनदा बदलून सांगू नकोस म्हणून त्याचा कानही पिळला.

पण ते सांगायचं तर त्याच्या आधीचंही सांगावं लागेल, आणि ते तू दगडापाशी सगळ्यांबरोबर ऐकावंस असं मला वाटत नाही. आधी इथं वाच. मूतखड्याचं पान आहे, मोठं आहे, पुरेल.

मला दिसतं हे तुला माहीत आहे. आजीला दिसायचं, मला दिसतं, तुझ्यात आलं नाही म्हणून मी ब्राइडला मेणबत्ती लावली होती. ज्याचं मरण ठरलंय त्याच्या अंगावर मढ्याचं पांढरं कापड दिसतं. गुडघ्यापर्यंत असलं तर माणूस अजून पाच-सात वर्षं आहे. कमरेला आलं तर दोन-तीन. गळ्याशी आलं की दिवसच मोजायचे.

सोर्ली गेला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, मेंढ्या कातरायच्या वेळी, मी त्याच्या अंगावर कापड पाहिलं. गुडघ्याशी. मनात म्हटलं, ठीक आहे, पाच-सात वर्षं. मग तोरकिल नायक होईल. जाणत्यांनी त्यालाच पुढचा म्हणून निवडलेलं होतं, त्यात कुणाचा वाद नव्हता. त्याला नुसतं थांबायचं होतं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, मला आपल्या किनाऱ्यावर दुसरं दिसलं. बोटीच्या काठावर कुणीतरी बसलंय, माझ्याकडे पाठ, खाली वाकलेलं. अंगावर मी विणलेली घोंगडी, दगडफुलाच्या तपकिरी रंगाची, निळ्या रेघेची. आणि कमरेपर्यंत कापड. डोळे मिटून उघडले तर किनारा रिकामा, नुसत्या बदकांचा कलकलाट.

तोरकिल. मला शंकासुद्धा आली नाही. सोर्लीला पाच-सात वर्षं आणि माझ्या तोरकिलला दोन-तीन. म्हणजे त्याचा पाय दगडावर पडायच्या आतच तो जाणार. तो एक वर्षाचा होता तेव्हा त्याची आई वारली आणि सोर्लीनं त्याला माझ्या मांडीवर आणून ठेवलं. माझ्या उजव्या बाजूला दूध जास्त होतं, ती बाजू मी त्याला दिली, तुला डावी. पाजताना मी त्याला गाणं म्हणून तेच सांगायची, की एक दिवस तू कोरलेल्या पावलात पाऊल ठेवशील, हातात पांढरी काठी घेशील आणि सगळं बेट गुडघ्यावर बसेल. वीस वर्षं मी ते सांगितलं. आणि आता तो ते न पाहताच मरणार होता.

म्हणून मी त्याला बोलावलं आणि म्हणाले, मला दिसलं. तू दगडावर उभा होतास, हातात पांढरी काठी, भोवती बर्फ. याच हिवाळ्यात.

लाखलन, मला दगड कधी दिसला नाही. काठी नाही, बर्फ नाही, काही नाही. मी ते सगळं मनानं रचलं. माझा शब्द आजवर कधी चुकला नव्हता, म्हणून त्यानं विश्वास ठेवला. त्याच्या स्वतःच्या अंगावरच्या कापडाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. वाटलं, तो जाऊन सोर्लीशी बोलेल. सोर्ली थकला होता, चांगला होता, हौसेनं काठी देऊन टाकेल. खरंच असं वाटलं का मला? आता आठवायला गेले तर आठवत नाही. एवढं आठवतं की तोरकिल म्हणाला, "या हिवाळ्यात म्हणजे काकाला त्याआधी जावं लागेल." मी नाही म्हणाले नाही. मी कणीक मळत होते, मळत राहिले.

आणि सोर्ली ताप घेऊन माझ्या दारात आला तेव्हा कापड त्याच्या हनुवटीला लागलेलं होतं. गुडघ्यापासून हनुवटीपर्यंत चार महिन्यांत. माझ्या तोंडून शब्द गेला आणि कापड चढलं. मी ते पाहिलं, त्याला पेज पाजली, पांघरूण नीट केलं आणि ताप घेईल त्याला असं मनाला सांगून गोठ्यात गेले.

आता तू म्हणशील, मग मला कशाला बोलावतेस? कारण तोरकिलचे दिवस भरत आलेत. दोन-तीन वर्षं म्हटलेली, ती होत आली. हल्ली मी त्याच्याकडे डोळे वर करून बघत नाही, कापड कुठवर आलंय ते बघायची हिंमत होत नाही. तो दर रविवारी येऊन विचारतो, आई, आता काय दिसतं? मी म्हणते काही नाही. पहारेकरी वाढवलेत त्यानं, स्वतःच्या हातानं आणलेलं पाणीसुद्धा आधी कुत्र्याला पाजतो. माझ्या घरचंच तेवढं बिनधास्त खातो. मला त्याची कीव येते. मला वाटतं की तो जायच्या आत तुम्ही दोघं एकदा माझ्या बाकावर बसावं. तुझं नाव धुवावं, त्याचं पाप त्यानं कबूल करावं आणि मी माझं. मागते आहे ते फार आहे हे कळतं मला.

ये. वारा चांगला असेल तर मुर्दो तुला सणाच्या सकाळी पोचवेल.

तुझी आई


सप्टेंबर, मिहेलच्या सणाचा आदला दिवस

येऊ नकोस. लाखलन, येऊ नकोस.

हे नेणार कोण? मुर्दो तुला आणायला चार दिवसांपूर्वीच गेलाय. मी दोन्ही कोळ्यांच्या पाया पडले, एकाची बोट उलटी करून डांबर लावलंय आणि दुसरा म्हणतो, वारा समोरून आहे, मला जाता येणार नाही. वारा समोरून म्हणजे तुला तो पाठीमागून. तू वेगानं येशील. कधी नव्हे ते वारा चांगला आहे.

तरी लिहिते. तापाचं पान आहे. लिहिलं नाही तर ओरडत सुटेन.

सकाळपासून मिहेलची भाकरी करत होते. सगळ्या धान्यांचं पीठ, घरातल्या प्रत्येकाच्या नावाची एक, परगावी असलेल्याच्याही नावाची. दोन केल्या, एक तुझी, एक त्याची. तुझी भाजताना किनाऱ्याकडे नजर गेली आणि तोच माणूस पुन्हा दिसला. बोटीच्या काठावर, पाठ माझ्याकडे, तीच घोंगडी. कापड आता गळ्याशी.

आजीनं मला एक गोष्ट शिकवली होती. पाठमोरं दिसलं तर कुणाचं ते ठरवू नये. आपली शाल काढायची, उलटी करून पांघरायची, म्हणजे तो माणूस आपल्याकडे तोंड करतो. मग नाव घ्यायचं, त्याच्या आधी नाही. तीन वर्षांपूर्वी मी शाल उलटी केली नव्हती. माझी खात्रीच होती. पाठ दिसली आणि मला तोरकिल आठवला, कारण मला नेहमी तोच आधी आठवायचा. घोंगडी दोघांची एकाच मागावरची, एकाच वर्षीची, तुला मी दुसरी रेघसुद्धा वेगळी दिली नव्हती.

आज केली उलटी.

तो वळला. दाढी होती. हातात जोड्याची वादी होती.

तो वाकून काय करत होता ते तेव्हाही माझ्यासमोर होतं. तोरकिल आयुष्यात कधी जोडे काढायला बोटीच्या काठावर बसलेला नाही, त्याला खांद्यावरून उतरवायला माणसं असतात. तुझी ही सवय मी फेब्रुवारीत स्वतःच्या हातानं लिहिली आणि तरी मला कळलं नाही. माझ्यासारखी गाढव बाई या बेटावर झाली नसेल.

तोरकिल दुपारी येऊन गेला. मी उलट्या शालीनंच त्याच्याकडे बघितलं, पायांपासून डोक्यापर्यंत. काही नाही. पोर जन्मतं तसा कोरा. तो म्हातारा होऊन मरेल. त्याला काहीच घाई नव्हती. सोर्लीनंतर आरामात दगडावर उभा राहिला असता.

मी म्हणाले, तू दुधाची शपथ घेतलीयस. तो म्हणाला, हो आई, मी त्याला बोटसुद्धा लावणार नाही. आणि मग चुलीकडे बघत बसला. मी नाही, एवढंच तो म्हणाला. बाकीच्यांबद्दल काही बोलला नाही.

उद्या उजाडायच्या आत मी टोकाच्या खडकावर जाऊन उभी राहीन आणि शाल हलवून परत जा म्हणून सांगीन. तुला दिसेन का मी?


ऑक्टोबर, मिहेलच्या सणानंतर चौथा दिवस

लाखलन,

तुला मी दिसले. मुर्दो म्हणाला तसं. तू म्हणालास, ती बघ म्हातारी, हात करतेय. आणि तूही हात केलास.

तोरकिलची दोन माणसं खडकाआड होती. तू बोटीच्या काठावर बसलास. ते म्हणाले, लाखलननं आधी पातं उपसलं. तुझ्या हातात जोड्याची वादी होती, ती सोडवायला मला तुझी बोटं एकेक करून उघडावी लागली.

तुझी घोंगडी मी काढून घेतली आणि तशीच ओली घेऊन दगडाकडे चालत गेले. घोड्यांच्या शर्यती नुकत्याच संपल्या होत्या, पोरं आरडाओरडा करत होती. मला बघून एकेक गप्प झालं. तोरकिल पावलाच्या खुणेत पाय ठेवून उभा होता, हातात काठी. मी घोंगडी त्याच्या पायाशी टाकली आणि तू सांगितलं होतंस तसं सगळं बोलले. दूध, चरवी, सुरा, दाराबाहेरचा प्रश्न आणि माझं उत्तर. जाणती माणसं खाली बघत होती. मला वाटतं त्यांना आधीच माहीत होतं, नायक कुणीतरी हवा म्हणून गप्प होती.

तोरकिलनं काही नाकारलं नाही. तो माझ्याजवळ आला, इतका जवळ की फक्त मलाच ऐकू येईल, आणि लहानपणी वाईट स्वप्न पडलं की विचारायचा तशा आवाजात म्हणाला, "आई, पण तू मला दगडावर पाहिलं होतंस ना?"

मी म्हणाले, "नाही."

त्याचा चेहरा तुला सांगता येणार नाही. सोर्ली मेला तेव्हा, मी चारचौघांत बोलले तेव्हा, तो असा झाला नव्हता. आपण केलं ते ठरलेलंच होतं, या एका गोष्टीवर तो तीन वर्षं उभा होता. त्यानं स्वतःच काठी जाणत्यांच्या हातात दिली. त्यांनी त्याला उद्या सूर्य मावळेपर्यंत बेट सोड म्हणून सांगितलं. दुसरा नायक शोधताहेत, शोधोत.

तुला घरी आणलं. बाकावर ठेवलं. अंग धुताना सदऱ्याच्या आत माझी तिन्ही पत्रं सापडली. तिन्ही पानं कडेला झिजलेली. उचकीचं, मूतखड्याचं. आणि भाजण्याच्या पानावर औषधाच्या बाजूला तुझ्या अक्षरात लिहिलेलं, 'बायकोच्या हाताला लावलं. दोन दिवसांत उतरलं.'

तुला बायको आहे हे मला माहीत नव्हतं. मुर्दोला विचारलं तर म्हणाला, हो, आहे, तू विचारलंच नाहीस कधी. नाव ईहन आहे म्हणे, ठेंगणी आहे, मोठ्यानं हसते. तिच्याकडे कोणत्या तोंडानं काय पाठवू? वही पाठवते, जेवढी उरली तेवढी. तू माझ्याशी बोलला नाहीस, पण पान उलटून औषध लावलंस. ते वाचून मी पहिल्यांदा रडले. तोवर रडू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, ऊन कलायच्या आधी, पावलं वाजली. मी ओळखली. वीस वर्षं ऐकलीत. पहारेकरी नाहीत, कुत्रा नाही, एकटा. बोट तयार होती त्याची, पण त्याआधी तो इथं आला. दुधाच्या आईचं दार कुणालाच बंद नसतं, खून करून आलेल्यालासुद्धा. तो आत येऊन चुलीपाशी बसला असता तर या बेटावरच्या कुणालाही त्याला हात लावता आला नसता. मी उठून दाराशी गेले. चुलीशेजारी त्याच्या नावाची भाकरी होती, कापडात गुंडाळलेली. खोटं कशाला बोलू, मी ती उचलली होती.

तो बाहेर थांबला. आणि रीतीप्रमाणे विचारलं, "घरात कोण आहे?"

तू बाकावर होतास. माझ्या पाठीशी.

मी म्हणाले, "लाखलन."

दाराच्या फटीतून त्याचे जोडे दिसत होते. मग दिसेनासे झाले.

तुला काल पुरलं, बापाच्या नावाच्या दगडाशेजारी. तुझी भाकरी तुझ्याबरोबर ठेवली. त्याची अजून इथंच आहे, दगडासारखी झालीय. कोंबड्यांना घालायला तीनदा उठले आणि तीनदा परत बसले. लाखलन, मला त्याचा राग यायला हवा तेवढा येत नाही. बोटीत त्यानं काय खाल्लं असेल हा विचार मनातून जात नाही. तुझ्याशी आता काही लपवायचं नाही म्हणून लिहिलं.

वही ईहनला बांधून ठेवली, त्यातलं हे एकच पान मी काढून घेतलं. दूध आटवण्याचं आहे. साठीच्या बाईला हे कशाला, म्हणून आजवर फाडलं नव्हतं. आजोबांनी लिहिलंय, पुदिना वाटून छातीवर लेप द्यावा, वर कापड घट्ट बांधावं, पाणी कमी प्यावं, आणि मुलाला नजरेआड ठेवावं. नऊ दिवसांत आटतं.

आज चौथा दिवस आहे.